श्वसनविकार : नाशिक जिल्हा

नाक, घसा, श्वासनलिका, तिच्या शाखा किंवा फुप्फुसांतील वायुकोश यांत अडथळा, दाह वा जंतुसंसर्ग झाल्यास श्वसनविकार उद्भवतो. खोकला, बेडका, धाप आणि छातीतील घुरघुर ही बहुतेक विकारांची समान लक्षणे असल्यामुळे निदानासाठी तपासणीची गरज असते. नाशिक जिल्ह्यात नेहमी आढळणाऱ्या विकारांत क्षयरोग, दमा, दीर्घकालीन श्वसनमार्गरोध (सीओपीडी), न्यूमोनिया आणि धुळीमुळे होणारे व्यवसायजन्य विकार हे प्रमुख होत.

पार्श्वभूमी : जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे तालुके अतिपावसाचे, तर मालेगाव, नांदगाव, येवला हा पूर्वभाग कोरडा आहे. पश्चिमेकडे पावसाळ्यात घरे ओलसर राहून भिंतींवर बुरशी धरते व सरपणही ओले असते. पूर्वेकडे धूळ हा मुख्य त्रास. निफाडच्या परिसरात थंडीच्या दिवसांत राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद वारंवार होते. अशा रात्री जमिनीलगतच्या थंड हवेचा थर वर चढत नाही आणि चुली, शेकोट्या व वाहने यांचा धूर खालीच कोंडतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील (२०१९), हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचा समावेश आहे. १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची भारतातील वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. शहराच्या प्रदूषणात रस्त्यांवरील धूळ, सातपूर-अंबड औद्योगिक वसाहती आणि एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्र यांचा प्रत्येकी वाटा किती, याविषयी मतभिन्नता आहे.

चुलीचा धूर व सीओपीडी : या विकारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. भारतात २०१६ मध्ये याचे सुमारे साडेपाच कोटी, तर दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. विडी-सिगारेट हे सीओपीडीचे सर्वांत परिचित कारण. तथापि कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांचे प्रमाणही मोठे आहे, याकडे पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखाद्वारे लक्ष वेधले. लाकूड, तुराट्या व गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीपुढे रोज काही तास बसणारी स्त्री आणि तिच्या कडेवरचे मूल यांच्या फुप्फुसांत हा धूर थेट जातो. उज्ज्वला योजनेमुळे (२०१६) गॅसजोडण्या वाढल्या. परंतु आदिवासी पाड्यांवर सरपण फुकट व सिलिंडर विकतचा असल्याने पाणी तापवणे आणि भाकरी यांसाठी चूल अनेक घरी टिकून आहे. पूर्वी होऊन बरा झालेला क्षय हेही श्वसनमार्गरोधाचे महत्त्वाचे कारण असून ते निदानात बरेचदा सुटते.

निदान श्वासमापनाने (स्पायरोमेट्री) होते. श्वासनलिका रुंदावणारी हुंगण्याची औषधे (टायोट्रोपियम, फॉर्मोटेरॉल इ.) हा उपचाराचा कणा आहे. रक्तातील प्राणवायू कायम कमी राहिल्यास घरी दिवसाचे किमान १५ तास प्राणवायू द्यावा लागतो. विकार बळावलेल्या रुग्णात तो बेताने देतात व रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. जादा प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो. धूम्रपान व धूर बंद केल्याने ऱ्हासाचा वेग मंदावतो, गेलेली क्षमता परत येत नाही.

दमा : यात श्वासनलिका बहुधा ॲलर्जीमुळे आकुंचन पावतात, मात्र अडथळा बहुतांशी उलटवता येतो. घरातील धुळीतील माइट, बुरशी, परागकण (गाजरगवताचेही) व थंड हवा ही चेतके होत. दाह कमी करणारे स्टिरॉइड अल्प मात्रेत पंपाने हुंगून घेणे हा मुख्य उपचार असून, २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवर विसंबणे योग्य मानले जात नाही. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने रुग्ण गोळ्या व सलाइनकडे वळतात. वस्तुतः गोळीच्या तुलनेत पंपातून जाणारी मात्रा कितीतरी पटींनी कमी असते. अडुळसा परंपरेने कफावर वापरला जातो. त्यातील व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे औषध विकसित झाले. तीव्र दम्यात मात्र अडुळशावर भिस्त ठेवता येत नाही.

व्यवसायजन्य विकार : *विडी :* सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र. हे काम प्रामुख्याने स्त्रिया घरी करतात. मांडीवरच्या सुपात जर्दा असतो. टेंभुर्णीचे भिजवलेले पान कात्रीने मापात कापून त्यात तो भरतात, विडी वळतात आणि टोक दाबून दोऱ्याने बांधतात. कोंदट खोलीत बारीक तंबाखू दिवसभर उडत असल्याने नाक चोंदणे, चिवट खोकला व धाप या तक्रारी होतात. घरातली मुले त्याच हवेत वाढतात. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा यांमुळे कामगारांसाठी दवाखान्यांची सोय झाली. घरकामगाराचा विकार तंबाखूमुळेच झाला हे सिद्ध करणे मात्र अवघड जाते.

*यंत्रमाग :* मालेगावात सुताच्या तुसामुळे श्वासनलिकांचा दाह होतो. कापूस-धुळीच्या विकारात (बिसिनोसिस) सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वाधिक आवळते. पाठ्यपुस्तकांत हा दिवस सोमवार दिलेला असतो. मालेगावात साप्ताहिक सुटी शुक्रवारी असल्याने डॉक्टरांनी शनिवारबद्दल विचारणे युक्त ठरते. पिंजण व कताईच्या मानाने विणकामात धूळ कमी असते, परंतु दाटीने लावलेले माग आणि बंद खिडक्या यांमुळे तो फरक कमी होतो.

*दगडखाणी व खडी क्रशर :* सिलिकाच्या कणांनी होणाऱ्या सिलिकोसिसवर उपाय नाही. रुग्णास क्षय होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सिलिकोसिस व बिसिनोसिस हे दोन्ही विकार कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये कळवण्याजोगे ठरवले गेले. असंघटित कामगारांच्या बाबतीत ही तरतूद सहसा कागदावर राहते.

*द्राक्षबागा :* ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी व भुरी रोगांसाठी ब्लोअरने वारंवार फवारणी होते. यातील गंधकाने घसा व श्वासनलिका चुरचुरतात. किडींसाठी वापरलेल्या सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाची बाधा झाल्यास लाळ व कफ दाटून श्वास कोंडतो. ॲट्रोपिन तातडीने द्यावे लागते.

क्षयरोग : रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतू शोधला. प्रभावी औषधांपूर्वी विश्रांती, सकस आहार व कोरडी हवा एवढाच उपचार होता. नाशिकजवळील देवळालीची ख्याती अशाच हवेमुळे झाली आणि पारशी व गुजराती समाजांनी तेथे आरोग्यधामे बांधली. स्ट्रेप्टोमायसिन (१९४३) आणि त्यानंतरच्या औषधांनी त्यांची गरज संपवली.

जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. निदानासाठी बेडक्याची सूक्ष्मदर्शकी व जनुकीय तपासणी आणि छातीचे क्ष-किरण चित्र वापरतात. औषधांना दाद देणाऱ्या क्षयात आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल दोन महिने, नंतर पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन चार महिने रोज देतात. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी असते. डोळे पिवळे झाल्यास मात्र औषधे थांबवून लगेच दवाखाना गाठावा. महिना-दीड महिन्यात ताप व खोकला ओसरतो, वजन वाढते आणि नेमक्या याच वेळी ऊसतोडणी, मजुरी वा स्थलांतर यांमुळे गोळ्या सुटतात. अर्धवट उपचारातून औषधरोधी क्षय निपजतो. निक्षय पोषण योजनेत (२०१८) रुग्णास दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात.

न्यूमोनिया : पाच वर्षांखालील मुलांत घातक. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५० व पुढे ४० वा अधिक असल्यास न्यूमोनियाचा संशय घेतात. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे हे गंभीर लक्षण होय. गावातील कार्यकर्त्यास श्वास मोजून प्रतिजैविक देण्यास शिकवल्यास बालमृत्यू घटतात, हे अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामाने १९९० मध्ये दाखवले. अमॉक्सिसिलिन हे पहिले औषध. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आहे.

कोविड-१९ : दुसऱ्या लाटेत, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रव प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि सुरुवातीच्या नोंदीनुसार २२ रुग्ण दगावले.

फुप्फुसाचा कर्करोग : धूम्रपानाशी निगडित. क्षय समजून उपचार सुरू झाल्याने निदानास अनेकदा विलंब होतो.

प्रतिबंध : धूरमुक्त स्वयंपाक, तंबाखूत्याग, कामाच्या जागी वायुवीजन व पाणी फवारून धूळ बसवणे, फवारणीवेळी योग्य मुखवटा आणि लसीकरण हे प्रमुख उपाय. फडक्याचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्या प्रत्येकाने बेडका तपासून घ्यावा; सरकारी दवाखान्यात ही तपासणी व क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात.