लवंग आणि शलाका : भारतातील दंतशूलचिकित्सेचा इतिहास

भारतीय घरातील मसाल्याचा डबा स्वयंपाकाइतकाच औषधोपचाराच्याही उपयोगाचा असतो. रात्री-अपरात्री दाढ ठणकू लागली की त्यातील लवंग दाताखाली धरली जाते, किडलेल्या दातात हिंगाचा खडा भरला जातो, कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरल्या जातात. हे उपचार कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाही. भाषेप्रमाणेच ते आजीकडून नातीकडे येतात. त्यांच्यामागे मात्र सुमारे दोन हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे. प्राचीन वैद्यकाने दंतशूलाच्या संदर्भात दोन कर्तव्ये वेगळी ओळखली होती, हे या इतिहासातून स्पष्ट होते. वेदना शमविणे हे एक आणि वेदनेचे मूळ दूर करणे हे दुसरे. पुढे घराघरांत पहिल्याचा वारसा टिकला, दुसऱ्याचा क्षीण झाला. दंतशूलाच्या उपचारांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या ताटातुटीचा इतिहास आहे.

गळ्याच्या वरील भागातील रोगांचा विचार करणारी आयुर्वेदाची शाखा म्हणजे शालाक्यतंत्र. शलाका या बारीक सळईसारख्या उपकरणावरूनच तिला हे नाव मिळाले. वनस्पतीवरून नव्हे, तर शस्त्रावरून शाखेचे नामकरण व्हावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी १५ दंतमुळांचे आणि ८ प्रत्यक्ष दातांचे आहेत. दंतमुळांच्या रोगांत ‘अधिमांस’ नावाचा एक विकार येतो. जबड्यातील अगदी शेवटच्या दाताशी मोठी सूज, तीव्र ठणका आणि तोंडातून लाळ गळणे ही त्याची लक्षणे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा पडदा राहतो, त्याखाली अन्नकण अडकतात आणि तेथे पू होतो. आजच्या दंतवैद्यकातील या विकाराच्या वर्णनाशी सुश्रुताचे वर्णन लक्षणीयरीत्या जुळते. ‘वर्धन’ नावाच्या दुसऱ्या विकारात अधिकचा दात तीव्र वेदनेसह येतो आणि तो उगवून आला की वेदना थांबते.

या दोन विकारांवर सांगितलेले उपचार पाहण्यासारखे आहेत. अधिमांसात वाढलेले मांस आधी छेदावे आणि त्यानंतर वेखंड, पहाडमूळ, सज्जीखार, जवखार इत्यादींचे चूर्ण मधातून लावावे, असा क्रम आहे. वर्धनात अधिकचा दात काढून त्या जागी अग्निकर्म करावे, असे सांगितले आहे. वनस्पती येथे आहेतच. परंतु त्या शस्त्रकर्मानंतर येतात, त्याच्याऐवजी नव्हे.

दाढेला अक्कलेशी जोडणारे नाव मात्र संस्कृत वैद्यकातून आलेले नाही. सुश्रुताने हा दात ओळखला तो त्याच्या स्थानावरून. सामान्यतः सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान उगवणाऱ्या या दाढेचा संबंध समंजसपणाच्या वयाशी जोडण्याची कल्पना ग्रीक, लॅटिन आणि अरबी या तिन्ही भाषांत आढळते. मराठीतील ‘अक्कल’ हा शब्द अरबी ‘अक्ल’वरून फारसीच्या वाटेने आला. शास्त्राने दाताची जागा सांगितली आणि लोकभाषेने त्याचे वय सांगितले, असे म्हणता येईल.

किडलेल्या दाताला सुश्रुताने ‘कृमिदंत’ म्हटले. दात काळा पडतो, त्याला भोक पडते, तो हलू लागतो आणि कारणावाचून ठणकतो. दात घट्ट असेल तर शेक, रक्तमोक्षण, लेप आणि गंडूष. हलत असेल तर तो काढून ती जागा डागणे, असा विवेक येथे दिसतो. वाग्भटाने पोकळी गुळाने अथवा मेणाने भरून तप्त सळईने डागण्यास सांगितले आहे. सातवीण आणि रुई यांचा चीक पोकळीत भरण्याचा उपायही त्याच्या अष्टांगहृदयात आहे. हिंग, कायफळ, कोष्ठ, वावडिंग इत्यादींचे चूर्ण कापडात बांधून दुखऱ्या दातावर धरावे, असेही तो सांगतो. आजचा हिंगाचा खडा आणि खेड्यांतून वापरला जाणारा रुईचा चीक हे या ग्रंथोक्त उपचारांचे दूरचे वंशज होत. मात्र रुईचा चीक हिरडीला भाजतो. वैद्याच्या हाती मोजून वापरले जाणारे द्रव्य घरगुती वापरात आले, तेव्हा त्याचे माप मागेच राहिले.

दातात कृमी असतो ही समजूत केवळ भारतीय नव्हे. प्राचीन बॅबिलोनियातील मृत्तिकापटावर दंतकृमीला उद्देशून रचलेला मंत्र कोरलेला आढळतो. या समजुतीतून धुरीचा उपचार निघाला. भारतात भुईरिंगणीच्या आणि अन्यत्र खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर तोंडात घेतला जात असे. उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर पडणारे पांढुरके अंकुर हेच दातातून निघालेले किडे म्हणून दाखविले जात. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे किडे आपल्याला आढळले नसल्याचे नमूद केले. १८९० साली डब्ल्यू. डी. मिलर याने तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्ट आणि शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात झिजतो, हे मांडले. कृमीची कल्पना चुकीची ठरली. दात पोखरणारे काहीतरी सजीव आहे, हा तर्क मात्र अगदीच निराधार नव्हता.

दुखणे येऊच नये म्हणून केलेला विचार याहून अधिक यशस्वी ठरला. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा देताना त्याची लांबी चार ते आठ अंगुळे ठरवून दिली आहे. सुश्रुताने ती बारा अंगुळे सांगितली आणि रसांनुसार झाडे निवडली : कडू रसात निंब, तुरट रसात खैर, मधुर रसात मोह आणि तिखट रसात करंज श्रेष्ठ. घसा, टाळू, ओठ वा जीभ यांचे रोग असताना मात्र दंतकाष्ठ वर्ज्य मानले. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने या सवयीचे बारकाईने वर्णन केले असून, तिच्यामुळे येथे दातदुखी क्वचितच आढळते, असा अभिप्राय दिला आहे. मुस्लिम समाजात पीलूच्या मुळीचा मिसवाक धार्मिक आचाराचा भाग म्हणून रुजला. एकाच गावात निंबाची काडी आणि पीलूची मुळी दोन भिन्न श्रद्धांच्या आधाराने एकच काम करीत राहिल्या.

दंतशूलाशी सर्वांत घट्ट जोडले गेलेले द्रव्य म्हणजे लवंग. आणि तीच मूळची भारताबाहेरची. तिचे मूळ स्थान मलुकू द्वीपसमूहातील तेर्नाते, तिदोर इत्यादी लहान बेटे. चरकसंहितेत मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत तिचा समावेश आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील इंदुमती-स्वयंवरात कलिंगराजाच्या वर्णनात अन्य द्वीपांतून लवंगपुष्पे वाहून आणणारा वारा येतो. कवीला ज्याचा गंध ठाऊक होता, ते फूल समुद्रापलीकडचे आहे हेही त्याला ठाऊक होते. पोर्तुगीज १५१२ साली मलुकूपर्यंत पोहोचले. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधिसंवादांत लवंगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात डचांनी मक्तेदारी राखण्यासाठी अनेक बेटांवरील लवंगेची झाडे तोडून टाकली. पुढे फ्रेंचांनी रोपे मॉरिशसला नेली आणि एकोणिसाव्या शतकात झांजिबार हे लवंगेचे मुख्य केंद्र बनले. तेथील भारतीय व्यापाऱ्यांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांच्या निषेधार्थ १९३७-३८ साली भारतात झांजिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारण्यात आला. दाढेखाली धरावयाच्या एवढ्याशा कळीमागे साम्राज्यांचा आणि त्यांच्या प्रतिकाराचाही इतिहास आहे.

लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल या द्रव्याचा असतो. ते मज्जातंतूंची संवेदना काही काळ बधिर करते आणि काही जंतूंची वाढही रोखते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून ते दातातील तात्पुरत्या भरणासाठी दंतवैद्यांनीही स्वीकारले. म्हणजे आजीचा अनुभव खोटा नव्हता. त्याची मर्यादा एवढीच की, बधिर झालेला दात बरा झालेला नसतो. शुद्ध तेल पुनःपुन्हा लावल्यास हिरडी भाजते, आणि दाढेच्या मुळाशी साठलेला पू लवंगेने निघत नाही.

अक्कलकाऱ्याचीही अशीच कथा आहे. उत्तर आफ्रिकेतील या वनस्पतीचे मूळ चघळले की तोंडात झिणझिण्या येतात, लाळ सुटते आणि ठणका विसरतो. यूनानी वैद्यकाच्या संपर्कातून आलेले हे मूळ शार्ङ्गधरसंहितेपर्यंत संस्कृत वैद्यकात ‘आकारकरभ’ या रूपाने स्थिरावले. ‘आकिरकर्हा’ या अरबी नावाचे मराठीत ‘अक्कलकारा’ झाले. अक्कलदाढेतील ‘अक्कल’शी त्याचे व्युत्पत्तीचे नाते नाही, ध्वनिसाम्य तेवढे आहे. तेच नाव पुढे अशाच झिणझिण्या आणणाऱ्या पिवळ्या बोंडांच्या दुसऱ्या एका रानवनस्पतीलाही लोकांनी दिले. गुणाच्या साम्यावरून नाव ठेवण्याची ही लोकरीत आहे.

वेदनाशमनालाच उपचार मानण्याचे सर्वांत दुःखद फळ तंबाखूच्या रूपाने दिसते. असद बेगने १६०४-०५च्या सुमारास विजापूरहून अकबराच्या दरबारी तंबाखू नेली, तेव्हा ती नवलाईची वस्तू होती. कालांतराने ती दात घासण्याच्या पुडीत शिरली. महाराष्ट्रात तव्यावर भाजून काळी केलेली मिश्री, बिहारात गुल, ओडिशा व छत्तीसगढमध्ये गुडाखू, गुजरातेत बजर. तंबाखूने क्षणभर ठणका कमी होतो, या अनुभवावर अनेक स्त्रियांनी मिश्री हाती धरली आणि ती दिवसातून चार-पाच वेळांची सवय बनली. दातदुखी थांबविणारी पूड तोंडाच्या कर्करोगाचे कारण ठरली. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये तंबाखूचा वापर निषिद्ध केला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. तथापि ज्या चुलीवर मिश्री भाजली जाते, तेथपर्यंत कायद्याचा हात सहज पोहोचत नाही.

दरम्यान शलाकेचे काय झाले? शस्त्रकर्म हळूहळू ग्रंथज्ञ वैद्याच्या हातून सुटले आणि न्हावी, जर्राह व बाजारात बसणारे दात काढणारे यांच्या हाती गेले. त्यांच्याजवळ हातोटी होती, परंतु शास्त्राशी संवाद नव्हता. वैद्याजवळ शास्त्र होते, परंतु हत्यार नव्हते. ही फाटाफूट भरून काढण्याचा संस्थात्मक प्रयत्न विसाव्या शतकात झाला. १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंतवैद्यकाचे महाविद्यालय स्थापन केले आणि १९४८च्या कायद्याने दंतवैद्यकाच्या व्यवसायाचे नियमन सुरू झाले. अक्कलदाढेवरील हिरडीचा पडदा छेदणे अथवा अडलेली दाढ काढणे, हे आजच्या दंतवैद्याचे नित्याचे काम आहे. भूल, निर्जंतुकीकरण, क्ष-किरण आणि प्रतिजैविके यांनी ते निर्धोक केले. परंतु त्याची मूळ कल्पना सुश्रुताला अपरिचित वाटली नसती.

म्हणून घरगुती उपचार आणि आधुनिक दंतवैद्यक यांना परस्परविरोधी मानणे हे परंपरेच्याच अपुऱ्या ओळखीचे लक्षण आहे. मिठाच्या पाण्याची चूळ आजचा दंतवैद्यही सांगतो. परंतु गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना वा गिळता येईना, तर संसर्ग जबड्यातून गळ्याकडे उतरू लागलेला असतो आणि तेथे विलंब जिवावर बेतू शकतो. लवंग रात्र काढण्यास साहाय्य करते. सकाळी शलाकेकडे जावयाचे असते, हे ज्या परंपरेच्या नावाने लवंग दिली जाते, तिनेच सांगून ठेवले आहे.