गर्भावस्थेतील साखर व अपत्याचे चयापचय
मातेच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते. तिचे इन्शुलिन मात्र जात नाही. वाढीव साखरेला मग गर्भाच्याच स्वादुपिंडाला तोंड द्यावे लागते आणि जादा इन्शुलिनमुळे अंगी चरबी साठते. मधुमेही मातांबाबत हे जुनेच निरीक्षण आहे. निरोगी मातेच्या खाण्यातल्या साखरेचे काय, हा अवघड प्रश्न. गर्भवतींना मुद्दाम साखर चारून प्रयोग करता येत नाही, म्हणून ब्रिटनमधले साखरेचे रेशनिंग मोलाचे ठरते. सप्टेंबर 1953 मध्ये ते उठताच साखरेचा दरडोई खप दिवसाला सुमारे 40 ग्रॅमवरून 80 ग्रॅमच्या घरात गेला. 2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, गर्भकाळ व शैशव रेशनिंगमध्ये गेलेल्यांना प्रकार 2 मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळला, त्यातला साधारण तिसरा हिस्सा केवळ गर्भकाळाचा.

इतर अन्नही तेव्हाच मोकळे झाले, हा आक्षेप फारसा टिकत नाही: मांसावरचे रेशनिंग 1954 मध्ये उठले आणि त्याच्या खपाने साखरेसारखी उडी घेतली नाही. कोणत्या मातेने किती साखर खाल्ली याची नोंद नाही, हा आक्षेप अधिक वजनदार. निष्कर्ष समूहाबद्दलचा आहे. डोहाळजेवणातल्या जिलबीला त्यावरून गुन्हेगार ठरवणे अतिरेकच. तरी रेशनिंगचा काळ जितका लांबला, तितका धोका घटत गेला, हा क्रम योगायोगाने सहज उलगडत नाही.