चाक खाली कोणी उतरवायचे?

मराठीत भांडणाचे जे शब्द आहेत, त्यांतले कितीतरी रस्त्यावरून आलेले आहेत, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. दम देताना आपण म्हणतो, ‘माझ्या वाटेला जाऊ नकोस.’ काम बिघडवणारा माणूस ‘आडवा येतो’. कोणी कोणाची ‘वाट अडवतो’. मोटार येण्याच्या आधीपासून वाट आणि राग यांची सोयरीक आहे. म्हणून आज रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस एवढ्या-तेवढ्या कारणाने का पेटतो, असा विषय निघाला की ‘हल्लीची पिढीच तापट’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. घरात, शेतात, कचेरीत शांत असणारा माणूस स्टिअरिंग हातात आले की बदलतो, तर त्याचे काही कारण रस्त्यातही असले पाहिजे. ते आपल्या बीड जिल्ह्याच्या रस्त्यांच्या इतिहासात सापडते का, ते पाहू.

बीड हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा आणि गोदाकाठच्या काळ्या मातीचा जिल्हा. इथला जुना रस्ता म्हणजे चाकोरी. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांनी वर्षानुवर्षे कापलेल्या दोन खोल रेघा. चाकोरीत गाडी सरळ चालते, बैलांना त्रास कमी होतो. पण समोरून दुसरी गाडी आली, तर दोघांपैकी एकाला चाकोरी सोडावी लागते. पावसाळ्यात काळ्या रानात चाकोरी सोडणे म्हणजे चाक आसापर्यंत रुतवणे. मग सोडायची कोणी?

आमच्याकडचे जुने गाडीवान यावर साधा दंडक सांगत. भरली गाडी चाकोरीत, रिकामी बाहेर. चढणीवर असेल तिला आधी वाट, उतरणीवरच्या गाडीने थांबायचे. गंमत म्हणजे मोटारींसाठी १९८९ मध्ये केंद्र सरकारने रस्त्याचे नियम केले, त्यांतही घाटातल्या अरुंद रस्त्यावर वर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने प्राधान्य द्यावे, असेच सांगितले होते. गाडीवानाचे शहाणपण आणि कायद्याचे शहाणपण इथे एक झाले.

हा दंडक टिकला, कारण त्याच्या पाठीशी तीन गोष्टी होत्या. एक, नियम दोघांनाही ठाऊक असे. दुसरी, समोरच्याचे तोंड दिसे. ‘राम राम, कुठली गाडी?’ एवढे बोलणे होईच. आणि तिसरी, हा माणूस उद्या बाजारात पुन्हा भेटणार, ही खात्री. ज्याला पुन्हा भेटायचे आहे, त्याला शिवी देताना जीभ जरा अडखळते.

याचा अर्थ जुना काळ सगळा सोन्याचा होता, असे नाही. बांधावरून वाट द्यायची की नाही, यावरून सख्ख्या भावांत वैर झालेली गावे आपल्याला माहीत आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, त्याच्या १४३ व्या कलमात शेताच्या हद्दीवरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदाराकडे सोपवलेला आहे. पुष्कळदा वाट कोणी कोणाला द्यायची, हे गाडीतल्या ओझ्यावरून नव्हे, तर गाडीत कोण बसले आहे यावरून ठरे. पाटलाची दमणी समोरून आली की भरली गाडीसुद्धा खाली उतरे. वाट देणे आणि मान देणे यांची सांगड तेव्हापासूनची आहे.

मग मोटार आली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन आपल्या रस्ते वाहतुकीला सुरुवात केली. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे एसटी आपल्याही गावोगावी पोचली. रेल्वे मात्र बराच काळ परळीच्या बाजूच्या कोपऱ्यातच राहिली. अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ मध्ये आणि बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत या जिल्ह्यातले बहुतेक सगळे, माणूस असो की माल, रस्त्यावरूनच गेले. आपल्या रस्त्यांवरचा भार समजून घेताना हे विसरता येत नाही.

आणि हे रस्ते झाले कसे? १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आहेत. त्या वर्षी मराठवाड्यात लाखो हातांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्त्यांवर मुरूम टाकला. रोजगार हमीच्या कायद्याने पुढे तेच काम चालू ठेवले. गावाला पहिल्यांदा पक्का रस्ता मिळाला तो अशा उपाशी माणसांच्या कष्टातून. त्यावर पुढे डांबर आले. पण किती? एकेरी डांबरी रस्त्याची ठरलेली रुंदी पावणेचार मीटर. एका बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. दोन बस समोरासमोर आल्या, तर दोघींना मिळून पाच मीटर लागतात. हे गणित डांबरावर बसतच नाही. कोणाला तरी एका बाजूची चाके साईडपट्टीवर उतरवावी लागतात.

म्हणजे चाकोरीतला प्रश्न डांबरावर जसाच्या तसा परत आला. चाक खाली कोणी उतरवायचे?

लहानपणी मला एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा आवडे. तिथून हा सामना रोज दिसे. समोरून ट्रक येतो. आपला ड्रायव्हर डिपर मारतो, समोरचाही मारतो. दोघेही मधोमध. अंतर कमी होत जाते. डांबराची कड साईडपट्टीपासून वीतभर उंच झालेली. चाक उतरवले तर टायर कापणार, गाडी कलणार, भरल्या ट्रकचा माल सरकणार. म्हणून दोघेही शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहतात. ज्याने आधी चाक उतरवले, तो खरे तर शहाणा. पण त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडते, कारण आपण हरलो असे त्याला वाटते. रस्त्यावरच्या रागाचे मूळ मला या क्षणात दिसते. रस्ता दोघांना पुरत नाही, आणि कोणी माघार घ्यायची हे ठरलेले नाही.

जगातल्या अभ्यासकांनीही हा राग तपासला आहे. इच्छित गोष्टीच्या आड काही आले की त्यातून आक्रमकता उपजते, असा सिद्धांत अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या मंडळींनी १९३९ मध्ये मांडला. डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी १९६८ मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. सिग्नल हिरवा झाला तरी मुद्दाम गाडी जागची हलवायची नाही आणि मागचा हॉर्न कधी वाजवतो ते मोजायचे. पुढे जुनाट गाडी होती, तेव्हा बारा सेकंदांच्या आत शंभरातल्या ८४ जणांनी हॉर्न वाजवला. महागडी चकचकीत गाडी होती, तेव्हा निम्म्यांनीच. पाटलाच्या दमणीची गोष्ट कॅलिफोर्नियातही खरी ठरली म्हणायची! अडथळा तोच, पण राग समोरच्याची पायरी पाहून येतो.

आणखी एक अभ्यास २००८ मधला, कोलोरॅडोचा. गाडीवर जितके स्टिकर आणि खुणा जास्त, तितका चालक जास्त आक्रमक, असे त्यात आढळले. स्टिकरवर प्रेमाचा संदेश आहे की भांडणाचा, याने फरक पडला नाही. गाडीला आपला मुलूख समजणारा माणूस रस्त्यालाही आपला मुलूख समजू लागतो. मागच्या काचेवर ठळक अक्षरांत नावे आणि ४१४१ हा नंबर ‘दादा’ वाचला जाईल असा वळवून लिहिलेल्या पाट्या आपण एमएच २३ आणि एमएच ४४ च्या गाड्यांवर पाहिल्या आहेत. अशा गाडीला कोणी कट मारून गेले, तर तो धक्का पत्र्याला नव्हे, नावाला लागतो.

मानसशास्त्र एक गोष्ट आणखी सांगते. आपली चूक झाली तर आपण कारण परिस्थितीत शोधतो, दुसऱ्याची झाली तर त्याच्या स्वभावात. मी घाईत होतो म्हणून घुसलो. तो घुसला, कारण तो माजलेला आहे. बैलगाडीवर हा गैरसमज दोन शब्दांत मिटे. बंद काचेच्या गाडीत बोलायला एकच शब्द उरतो, तो म्हणजे हॉर्न. ‘सरका’, ‘आभारी आहे’, ‘मुडद्या’ या तिन्हींचा आवाज एकच. पूर्वी ट्रकवर क्लीनर असे. तो हात बाहेर काढून खूण करी, दारावर थाप मारून ‘येऊ द्या’ म्हणे. ट्रकच्या मागची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे हॉर्नला आमंत्रण देतात म्हणून महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यांवर बंदी आली. पण बोलण्याची जागा दुसऱ्या कशाने भरली नाही.

आता आपल्या हंगामातला रस्ता पाहा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते. या जिल्ह्यातले लाखो ऊसतोड मजूर ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. इथल्या कारखान्यांचीही ऊसवाहतूक सुरू असते. एकाच रस्त्यावर तासाला तीन-चार किलोमीटर चालणारी टायरगाडी, पंधरा-वीसने जाणारा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वेळापत्रकाला बांधलेली एसटी, सीट भरण्यासाठी जागोजागी थांबणारी काळीपिवळी आणि ऐंशी-शंभरने येणारी मोटार. मोटारवाला ट्रॅक्टरच्या मागे अडकतो आणि ‘रस्ता काय याच्या बापाचा आहे का?’ म्हणतो. ट्रॅक्टरवाल्याची बाजू त्याला दिसत नाही. त्याचे पैसे टनावर आणि खेपांवर. काट्यावर रात्र-रात्र रांगेत थांबून तो निघालेला असतो. भरल्या ट्रॉल्या साईडपट्टीवर घातल्या, तर पलटी होण्याची भीती. चाकोरीच्या दंडकाने पाहिले, तर भरली गाडी त्याचीच आहे.

पण त्याच ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो, दिवा नसतो, आणि मोठ्या आवाजात गाणी लागलेली असल्याने मागचा हॉर्न त्याला ऐकूही येत नाही. तेव्हा राग एकट्या मोटारवाल्याच्या पदरात टाकून चालणार नाही. या दोघांमधल्या ओढाताणीत रात्रीच्या अंधारात जीव जातो तो बहुधा दुचाकीवरच्या तिसऱ्याचा किंवा उसावर झोपलेल्या मजुराचा.

रस्ता रुंद केला की राग जातो, असे आपल्याला वाटत होते. सोलापूर-धुळे महामार्ग, जुना २११ आणि आताचा ५२, चारपदरी झाला. समोरासमोरचा सामना तिथे संपला, हे खरेच मोठे काम झाले. पण दुभाजकातले वळण लांब पडते म्हणून उलट्या बाजूने येणारे आले, आणि वेगाच्या पदरात रेंगाळणारे ट्रकही आले. रस्ता वाढला, कोणी कोणाला वाट द्यायची, हे शिकवायचे राहून गेले.

‘रोड रेज’ हा शब्द अमेरिकेत १९८० च्या दशकात रूढ झाला. लॉस एंजलिसच्या महामार्गांवर १९८७ च्या उन्हाळ्यात गाडीतून गोळीबाराचे प्रकार घडले, त्या सुमाराचा तो आहे. आपल्याकडे त्याची आठवण देणारे प्रकरण पतियाळाचे. २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावरच्या वादात ६५ वर्षांच्या एका गृहस्थाचा जीव गेला. त्या प्रकरणात क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा सुनावली ती मे २०२२ मध्ये. वाद काही मिनिटांचा. निकालाला तेहतीस वर्षांहून अधिक काळ लागला.

कायदा आहे, आणि मोटारीपेक्षा जुना आहे. बेफाम गाडी हाकण्याबद्दलचे २७९ वे कलम १८६० च्या दंडसंहितेतले. बेंझच्या मोटारीचे पेटंट १८८६ चे. १ जुलै २०२४ पासून हे कलम न्याय संहितेत २८१ झाले, दंडाची कमाल रक्कम मात्र एक हजार रुपयेच राहिली. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी तक्त्यात वेग, दारू, मोबाईल, उलटी बाजू असे रकाने असतात. रागाचा रकाना नसतो. तो बहुधा वेगाच्या रकान्यात लपलेला असतो.

तर काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात, आणि तिन्ही जुन्याच आहेत. नियम दोघांनाही ठाऊक हवा. म्हणून लायसन्सची परीक्षा आठचा आकडा काढण्यापुरती न राहता वाट कोणी द्यायची, हे शिकवणारी व्हावी. समोरचा दिसायला हवा. म्हणून प्रत्येक ट्रॉलीला आणि टायरगाडीला रिफ्लेक्टर हवा आणि साईडपट्टी डांबराच्या पातळीला भरलेली हवी, म्हणजे चाक उतरवणे जिवावर येणार नाही. आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातली. समोरचा माणूस उद्या बाजारात भेटणार आहे, असे समजून गाडी चालवावी. मांजरसुंब्याच्या घाटात ज्याला आपण शिवी दिली, तो आपल्याच पाहुण्यांच्या गावचा निघतो, असा आपला जिल्हा आहे.

साईडपट्टीवर चाक उतरवले, तर दहा सेकंद जातात. पूर्वीचा गाडीवान तेवढ्यात ‘राम राम’ म्हणून घेई.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)