ज्वालामुखी काच : ओळख आणि संग्रह

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या पठारावर वसले आहे. लाव्हारस अतिशीघ्र थिजल्यास स्फटिकांऐवजी काच तयार होते. कालौघात तिचे अन्य खनिजांत रूपांतर होत असल्याने येथे ती दुर्मीळ आहे. शिवारात सापडणारे चकचकीत खडे बहुधा गारगोटी वा अकीक असतात. ते खिडकीच्या काचेवर सहज ओरखडा पाडतात. ज्वालामुखी काच सहसा पाडत नाही. लोणारला मिळणारी काच उल्काघाताने वितळलेल्या खडकाची असून, तो परिसर अभयारण्य असल्याने तेथील दगड उचलू नयेत. अन्यत्र खडा घेतल्यास स्थळ व दिनांक नोंदवावा. नोंदीविना त्याचे अभ्यासमूल्य उरत नाही.