हेल्मेटमागचा डॉक्टर

नवीन बाईक घेतलीये? मग ह्यू केर्न्सची गोष्ट ऐकाच.

१३ मे १९३५, इंग्लंडमधलं डॉर्सेट. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स बाईकवरून घरी निघालेला. सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना फेकला गेला, सहा दिवसांनी वारला. नवशिका नव्हता हं, ही त्याची सातवी ब्रफ सुपीरियर! पण डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

उपचार करणाऱ्यांत मेंदूचे सर्जन केर्न्स होते. पुढे युद्धात त्यांनी जखमी मोटारसायकलस्वार तपासले. १९४१च्या लेखात हेल्मेटवाले सातच होते, सातही वाचलेले. लष्कराने त्याच वर्षी निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्यांसाठी ब्रिटनमध्ये कायदा यायला मात्र १९७३ उजाडलं. पुण्यातली हेल्मेटसक्तीची भांडणं ऐकली, की मला ही ३२ वर्षं आठवतात.