सहा शतकांची मैत्री आणि मुंबईचे आंदण

समुद्रापलीकडच्या दोन राष्ट्रांची मैत्री कशावर टिकते, हे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्या तहावरून नीट उमगते. १३७३ साली लंडनला झालेली ही दोस्ती १३८६ साली विंडसर येथे पक्की झाली.

तिचा लाभ उभयतांना झाला. १८०८ ते १८११ या काळात नेपोलियनचे सैन्य दोघांच्या फौजांनी मिळून पोर्तुगालबाहेर हुसकावले. १९४३ साली चर्चिलने तोच जुना तह पुढे केला, अझोर्स बेटांवर तळ मिळवले आणि अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांवर विमाने सोडली. हित जुळले तेव्हा कागद बोलला. न जुळले तेव्हा? १८९० साली इंग्लंडनेच आफ्रिकेतील फौजा हटवण्याचा निर्वाणीचा खलिता पोर्तुगालला धाडला. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा सालाझारसाठी इंग्लंडने शस्त्र उचलले नाही.

करारनाम्यांवर सह्या करण्यात माझी हयात गेली. कलमाचा जोर शाईत नसतो. ते पाळण्याची गरज दोन्ही बाजूंना असावी लागते.

आणि किंमत कोण मोजतो? १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालने संरक्षणाचे वचन मिळवले आणि मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिली. १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली. बेटावरच्या कोळ्या-भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही. राष्ट्रांनी मैत्री जरूर करावी. परंतु तहात कोणाची जमीन आणि कोणाचे घर लिहिले जात आहे, हे विचारण्याचा हक्क प्रजेने कधी सोडू नये.