छर्रे, वंगण आणि चाकाची गुणगुण

'सुख' या शब्दाची एक व्युत्पत्ती मोठी गमतीची आहे. 'ख' म्हणजे भोक, पोकळी. चाकाच्या तुंब्यात आस घालायला जे भोक असते तेही 'ख'. ते नीट गोल आणि गुळगुळीत असेल तो रथ 'सुख'. ऋग्वेदात रथाला हे विशेषण लावलेले सापडते. सगळ्या विद्वानांना ही फोड मान्य नाही, पण ज्याने बैलगाडीतून दहा कोस अंग ठेचून घेतले आहे त्याला पटायला वेळ लागत नाही!

आमच्या लहानपणी गाडीचा आख जागेवर आणि चाक त्याच्याभोवती घासत फिरे. मध्ये काय, तर वंगण. ते सुकले की कुईकुई सुरू. गाडी कोणाची येते आहे हे घरात बसून आवाजावरून सांगणारी माणसे गावात होती. ही कला पुढे मोटारीच्या फिटरकडे गेली, त्याबद्दल सांगतोच.

घासण्याऐवजी घरंगळू द्यावे, ही कल्पना जुनीच. इटलीतल्या नेमी तळ्याच्या तळाशी रोमन बादशहा कॅलिग्युलाची जहाजे सापडली, त्यात फिरत्या चौथऱ्याखाली काशाचे गोळे होते. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतही छर्र्यांची चित्रे आहेत. पण गाडीच्या आसाला छर्रे बसवण्याचे पेटंट मिळाले ते १७९४ साली, वेल्समधल्या कार्मार्दनच्या फिलिप व्हॉन यांना. त्याचा लगेच प्रसार मात्र झाला नाही. कारण साधे आहे. शेकडो छर्रे अगदी एकसारखे गोल करणार कोण? एक छर्रा केसभर मोठा निघाला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो आणि तो फुटतो. (वर्गात सगळी उत्तरे एकाच मुलाला विचारावीत तसे.)

ही अडचण सोडवायला लावली सायकलने. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलसाठी छर्र्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जेम्स मूर पॅरिस ते रुआँ ही शर्यत तशाच सायकलवर जिंकला. पुढे १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रिडरिश फिशर यांनी पोलादी छर्रे घासून अचूक गोल करणारे यंत्र बनवले. माझ्या मते खरा शोध हा. बाकीचे सारे कागदावरच राहिले असते.

अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी वेगळाच प्रश्न धरला. गाडी सरळ जाताना चाकावर वजन वरून येते, पण वळताना बाजूनेही रेटा बसतो. १८९८ च्या त्यांच्या पेटंटमधले रोलर एका टोकाला निमुळते आहेत, म्हणून ते दोन्ही भार पेलतात. ट्रकच्या चाकात आजही तीच जात दिसते. स्वीडनमध्ये कापड गिरणीत काम करणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये आपोआप नीट बसणारे बेअरिंग काढले आणि त्यातून 'एसकेएफ' उभी राहिली. आपल्या चिंचवडला तिचाच कारखाना.

आणि मग युद्ध. रणगाडे, विमाने, तोफा... बेअरिंगशिवाय काहीच फिरत नाही. श्वाइनफुर्टमध्ये जर्मनीचे मोठे कारखाने, म्हणून १९४३ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा १४ ऑक्टोबरला अमेरिकी बॉम्बफेकी विमाने तिथे गेली. ऑक्टोबरच्या त्या एका दिवशी २९१ पैकी ६० विमाने पडली. प्रत्येकात दहा-दहा पोरे. एवढे होऊनही जर्मनीचे युद्धयंत्र थांबले नाही, कारण त्यांनी उत्पादन विखरून टाकले आणि स्वीडनकडूनही बेअरिंगे घेतली. तोच स्वीडन इंग्लंडलाही माल देत होता, रात्री छोट्या वेगवान विमानांतून!

असो. हे सारे आठवायचे कारण, या पावसाळ्यात पुतण्याच्या गाडीतून गुणगुण येऊ लागली. वेग वाढला की वाढायची. कोणी म्हणाले टायर. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, हा तसाच राहिला. मग आमच्या ओळखीच्या फिटरने मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी वळवली. उजवीकडे वळताना आवाज चढला, म्हणजे भार डाव्या चाकावर जाताना. "काका, डावं पुढचं," असे म्हणून तो मोकळा झाला. नंतर जॅकवर घेऊन, चाक वर-खाली धरून हलवले तर बारीकसा खेळ. चाक फिरवत स्प्रिंगवर हात ठेवला तर रवाळ कंप, जात्यात खडा आल्यासारखा. मलाही हात ठेवायला लावला.

पुतण्या म्हणत होता, दिवाळीनंतर बघू. फिटरने त्याला स्पष्ट सांगितले की पिंजरा तुटला तर बेअरिंग अडकते किंवा चाक डगमगायला लागते आणि फार झाले तर निखळतेसुद्धा. मुले मागच्या सीटवर असतात. दिवाळी पुढे कशी ढकलता येईल ते बघ, मी म्हटले.

बदलताना पाहण्यासारखे होते. सीलबंद बेअरिंग प्रेसखाली ढकलताना रेटा नेमका बाहेरच्या कड्यावर दिला. हातोडा नाही. आतल्या कड्यावर रेटा दिला तर तो छर्र्यांतून जातो, त्यांचे वळ धावपट्टीवर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजते.

जुने मी फोडून मागितले. आतले ग्रीस चहाच्या रंगाचे झाले होते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की सील हार मानते आणि पाणी आत शिरते. एका कड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा होता. बाकी छर्रे अजून आरशासारखे लखलखत होते.